साडेचार टोकांचा तारा

शेजारच्या देशाविषयी अप्पांचं मत फार पक्कं होतं, आणि तिथं कधी पाऊलच टाकलेलं नसल्यामुळे ते मऊ पडायचा प्रश्न नव्हता. तिकडची माणसं आतल्या गाठीची, तिकडचं पाणी जड, तिकडच्या रस्त्यांचं तर नावच काढू नका. हे ते जेवताना इतक्या ठामपणे सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, गृहस्थ सकाळीच तिकडून फेरी मारून आलेत.

नोकरी मोजणी खात्यात, नकाशे काढायची. हात स्थिर म्हणून सरहद्दीचे कागद नेहमी त्यांच्याच टेबलावर यायचे. रेघेच्या अलीकडे विहिरी, पायवाटा, शाळा, माळावरचं एकटं झाड, सगळं यायचं. पलीकडे काही नाही. परक्या मुलखाचा कागद कोरा सोडायचा, हा खात्याचा नियम. अप्पांनी सगळी नोकरी तो कोरा भाग शाईचा थेंब पडू न देता सांभाळला, आणि निवृत्त झाल्यावर एक दिवस जाहीर केलं, "इतकी वर्षं न बघता शिव्या दिल्या. आता बघून देतो."

निमित्त होतं पेन्शनर मंडळाच्या सहलीचं. पण सहल ठरली आणि सरहद्दीवर कुठंशी चकमक उडाली. वर्तमानपत्रांनी अक्षरं मोठी केली, आणि गुडघे, रक्तदाब, सुनेचं बाळंतपण अशी कारणं सांगत एकेक पेन्शनर गळाला. उरले एकटे अप्पा.

"आता कशाला जाता?" धाकट्यानं विचारलं.

"आताच जायला पाहिजे. नाहीतर म्हणतील, घाबरले."

"तिकडे तुम्हाला ओळखतंय कोण, अप्पा?"

"मला नाही रे. देशाला म्हणतील."

हे धाकट्याला लगेच पटलं. अप्पांची देशभक्ती त्याच्याकडे वारसाहक्कानं आली होती. अप्पांची जिभेवर असायची, याची गाडीच्या मागच्या काचेवर, एवढाच फरक. थोरली मात्र या बाबतीत बापाच्या हाती कधी लागली नाही. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, घरी आल्यावर पुस्तकात डोकं घालून बसायची. तिनं अप्पांशी झेंड्यावरून कधी वाद घातला नाही. ती नुसती गप्प बसायची, आणि अप्पा तिच्या गप्प बसण्यावर चिडायचे. "बोल की काहीतरी! निदान विरोध तरी कर!"

तिकडून त्यांचा थोरलीला फोन आला. पोचलो, खोली बरी आहे, लॉजवाली बाई बडबडी आहे, असं सांगून झाल्यावर त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "रस्ते आपल्यापेक्षा चांगले आहेत. पण कुणाला सांगू नकोस. धाकट्याला तर मुळीच नाही."

नंतरचा फोन आला तो त्याच नंबरावरून, पण आवाज बाईचा होता. अप्पा सकाळी उठलेच नव्हते.

आणायला जायचं कुणी, यावर चर्चा झाली नाही. कामाच्या निमित्तानं पुस्तकांच्या एका जत्रेला जाऊन आल्यामुळे पासपोर्ट घरात एकट्या थोरलीकडे होता. धाकट्यानं अलीकडची बाजू बघायची, तिनं पलीकडची. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि सरहद्द ओलांडल्यावर नकळत रस्त्याकडे बघत राहिली. खड्डा एक नव्हता. आता ही गोष्ट सांगू नये असं सांगणारा माणूसच नव्हता.

इस्पितळ दुमजली, जुनं, स्वच्छ. तिला सवयीनं आधी फरक दिसले. विजेची बटणं वर केली की लागत, खाली केली की विझत, आपल्या उलट. दारं बाहेरच्या बाजूला उघडत, त्यामुळे दर दोन माणसांत एक माणूस मागे सरून उभा असे. बाकी सगळं ओळखीचं. माणसं टेकून टेकून भिंतीवर उमटलेला तेलकट पट्टा तोच. "साहेब जेवायला गेलेत" हे वाक्य तेच. बोलीही जवळजवळ आपलीच होती, फक्त वाक्याच्या शेवटी हेल वर जायचा. साधं उत्तर दिलं तरी प्रश्न विचारल्यासारखं वाटायचं.

"थोरली ना तुम्ही?"

बाकावरून एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई उठली. तिच्या मागोमाग एक उंच, वाकलेला म्हातारा उठला.

"मी लॉजवाली. फोन मीच केला होता. आणि हे शिंपी, माझ्या खालीच दुकान आहे यांचं. नाकावरून ओळखलं बघा तुम्हाला. अप्पा म्हणाले होते, थोरलीचं नाक माझ्यावर गेलंय आणि डोकं कुणावर गेलंय ते अजून कळलं नाही."

थोरलीनं हात जोडले. म्हणाली, "मावशी, तुम्हाला फार त्रास झाला."

"त्रास? तो त्यांनी जिवंतपणीच देऊन घेतला हो! राहिले तितके दिवस आम्हाला नावं ठेवली. गादी टणक, पाणी जड, घड्याळ पुढं. 'आमच्याकडे असं नसतं' हे तर दर घासाला. शेवटी मी म्हटलं, अहो, तुमच्याकडे माणसं तरी मरतात का? तर म्हणाले, मरतात, पण वेळेवर." बाई बोलता बोलता थांबली. तिनं तोंडावर हात ठेवला. "गमतीत बोलले होते हो. माझ्या मेलीच्या तोंडाला..."

"असू द्या. ते असंच बोलायचे. सांगा ना अजून."

बाईनं तिला बाकावर बसवलं. साहेब जेवून येईपर्यंत वेळ होताच. तिनं सांगितलं, की लॉजसमोर शाळा आहे. सकाळी पोरं झेंडा चढवतात, उभं राहून गातात. पहिल्या दिवशी अप्पांनी धाडकन खिडकी लावून घेतली होती. दुसऱ्या दिवशी बाई चहा घेऊन गेली तर खिडकी सताड उघडी, तोंडाला दाढीचा साबण, आणि हात मांड्यांना चिकटवून अप्पा ताठ उभे.

"मी म्हटलं, हे काय? झेंडा तर आमचा आहे. म्हणाले, पोरं फार बेसूर गातात, कुणीतरी नीट उभं राहायला नको?"

थोरलीला हसू आलं.

"आणि एक म्हणायचे," बाई म्हणाली. "आमच्या कागदावर तुम्ही कोरे आहात. मी म्हटलं, कोरे म्हणजे? मग इथं कोण राहतं, भुतं? मग संध्याकाळी मला विचारायला आले, की समोरच्या शाळेला विहीर आहे का, आणि तिच्याकडे जायची वाट कुठून. काय करायचं होतं त्यांना विहिरीचं?"

"असंच. ते विहिरी बघायचे," थोरली म्हणाली. याहून जास्त सांगायला तिला अवकाश लागला असता.

साहेब आले, सह्या झाल्या. मग एका लांब, थंड खोलीत तिला नेलं. मधल्या ढकलगाडीवर अप्पा होते आणि त्यांच्यावर, छातीपासून पायांपर्यंत, झेंडा पांघरलेला होता. तिच्या देशाचा झेंडा.

आणि तिच्या मनात पहिल्यांदा आली ती चूक. दुःख तिच्या मागून आलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवलेल्या डोळ्यांना आपला-परका कळत नाही, वेळ-काळ कळत नाही. वरचा पट्टा निळा हवा तो राखाडीकडे झुकलेला. खालचा पांढरा हवा तो जुन्या दातासारखा पिवळट. मधला सोनेरी तारा पाच टोकांचा हवा. त्याला चार टोकं होती आणि पाचवं, उजवीकडचं, अर्ध्यावरच बोथट होऊन संपलेलं.

"कसा झालाय?" मागून शिंप्यानं विचारलं. सुई ढकलायचं पितळी टोपण अजून त्याच्या बोटावर तसंच होतं.

लॉजवालीनं खुलासा केला. "अंगावर इस्पितळाची चादर होती, कोपऱ्याला आमच्या सरकारचा शिक्का. मी म्हटलं, या माणसाला आमची गादी चालली नाही, आमची चादर चालेल होय? घरी पोचेपर्यंत कुरकुरतील. म्हणून यांना म्हटलं, झेंडा शिवा. यांनी कधी शिवला नव्हता."

"सगळे मला फोनवर चित्र दाखवत होते," शिंपी म्हणाला. "फोनमधला रंग काचेचा, कापडाचा नाही. त्यांच्या शर्टाला झेंड्याचा बिल्ला होता. नमुना हातात असताना फोन कशाला? निळ्यासाठी तीन दुकानं हिंडलो. पांढरा तर मिळेचना. दुकानदार म्हणतो, असा पांढरा नवा येत नाही, तो व्हावा लागतो. मग घरचा पडदा काढला."

"आणि हे टोक?"

"नमुन्यात तसंच आहे." त्यानं खिशातून बिल्ला काढून तिच्या तळहातावर ठेवला.

अप्पांचा बिल्ला. नोकरीला लागले तेव्हापासून डाव्या खिशावर असलेला. त्याच्यावरचा निळा रंग घासून राखाडी झाला होता, पांढरा मुलामा पिवळा पडला होता, आणि ताऱ्याचं एक टोक झिजून गेलं होतं. नकाशांची लांब नळी ते खांद्याला अडकवत, तिचा पट्टा बरोबर तिथून, छातीवरून तिरका जायचा. रोज जाता-येता घासून घासून त्यानं ते टोक खाल्लं होतं. बिल्ला तिनं लहानपणापासून पाहिला होता आणि टोक गेलेलं तिला आज कळत होतं. एका परक्या शिंप्याला ते पहिल्या नजरेत दिसलं होतं. त्यानं ते दुरुस्त केलं नव्हतं, कारण गिऱ्हाइकाच्या नमुन्यात दुरुस्ती करायची नसते.

"काही चुकलं का?" शिंप्यानं विचारलं. हेल वर गेला. या वेळी तो खरोखरच प्रश्न होता.

"नाही," थोरली म्हणाली. "अगदी नमुन्याप्रमाणे आहे."

चूक समोर दिसत असताना तिनं आयुष्यात पहिल्यांदा कागद पास केला. अप्पांचे हात थंडगार होते. ते तिनं झेंड्याखाली नीट ठेवले, आणि तिथं उभ्या उभ्या तिला एवढंच कळलं की अप्पा याच कापडाखाली घरी जायला हवेत, दुसऱ्या कुठल्याही नाही.

शववाहिका सरहद्दीकडे निघाली तेव्हा चालकाला स्ट्रेचर उचलायला माणूस हवा होता, म्हणून शिंपी पुढे बसला. लॉजवालीला निघता आलं नाही. खोल्यांत गिऱ्हाइकं होती. तिनं थोरलीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "गादी टणक होती खरी. बदलणार आहे मी."

तिकडच्या नाक्यावरच्या अधिकाऱ्यानं मागचं दार उघडलं. आपल्या हद्दीत परका झेंडा उघडा पडलेला बघून त्याच्या जबड्याचा स्नायू हलला. मग त्याला अप्पांचे पाय दिसले. त्यानं दार लावून घेतलं आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "लवकर न्या."

दोन्ही नाक्यांच्या मधे थोडी मोकळी जागा होती. तिथं ही गाडी थांबायची आणि समोरून आपली यायची. धाकटा आधीच येऊन उभा होता, दाढी वाढलेली, काखेत कागदी पिशवी. थोरलीला बघितल्यावर त्याचा चेहरा लहानपणी पडून गुडघा फोडून घेतल्यावर व्हायचा तसा झाला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. शिंपी आणि चालक स्ट्रेचर उतरवू लागले, धाकटा पुढे गेला, आणि थबकला.

"ताई, हे काय?"

"झेंडा."

"आपला? हा?" त्यानं ताऱ्यावर बोट ठेवलं. "रंग बघ. हा तारा बघ! तुला दिसलं नाही? तुला? पुस्तकातला अनुस्वार दिसतो तुला!"

"दिसलं."

"मुद्दाम केलंय. मेलेल्या माणसावर सूड घेतायत. टोक तोडलंय आपलं!" त्याचा आवाज चढला. शिंपी स्ट्रेचरची दांडी धरून उभा होता. त्याला सगळं ऐकू जात होतं आणि भाषा समजत होती.

"हळू बोल. ज्यांनी शिवलाय ते इथं उभे आहेत."

"मग बरंच झालं!" धाकट्यानं पिशवीतून घडी काढली. झुळझुळीत, नवाकोरा रेशमी झेंडा. रंग असे की डोळ्यांत भरावेत. "काढ तो. हा घालू."

तेवढ्यात आपल्या नाक्यावरचा अधिकारी आला. चाळिशीचा, नीटस, हातात कागद लावलेली फळी. त्यानं आधी टोपी काढली, क्षणभर मान खाली घातली, मग टोपी घातली आणि कामाला लागला. "मॅडम, वडील सैन्यात होते?"

"नाही. मोजणी खात्यात."

"मग झेंडा घालता येत नाही. नियम आहे. आणि तुम्ही," तो धाकट्याकडे वळला, "सकाळीच सांगितलं होतं मी तुम्हाला. ती पिशवी गाडीत ठेवा."

"नाका ओलांडल्यावर घालणार होतो," धाकटा पुटपुटला.

"ते मी ऐकलं नाही." अधिकाऱ्यानं अप्पांच्या अंगावरच्या कापडाचा कोपरा उचलून बघितला. घाईत घातलेले दोन-तीन टाके त्याच्या बोटांखाली कटकन तुटले. तारा त्यालाही दिसला. "आणि हा तर... हा चुकीचा आहे. चुकीचा झेंडा बनवणं, वापरणं, दोन्ही गुन्हे आहेत. हा मला जप्त करावा लागेल."

"जप्त करून काय करता?"

"खराब झेंड्याचं जे करतात ते. मानानं जाळतात." तो वाईट माणूस नव्हता. 'मानानं' हा शब्द त्यानं तिला बरं वाटावं म्हणूनच घातला होता.

थोरलीनं अप्पांकडे बघितलं. तिला बोलता येईना असं नव्हतं. उलट तिच्याजवळ बोलायला फार होतं: पट्टा, नळी, पडदा, बेसूर पोरं, सगळं. पण हे ऐकून हा माणूस काय करेल ते तिला दिसत होतं. तो मान हलवेल, त्याला वाईट वाटेल, आणि तो झेंडा नेईल. गुन्ह्याच्या यादीत गहिवराला सूट नसते. इथं नियम चालत होता, तर नियमानंच बोलायला हवं होतं.

"साहेब, आपल्या झेंड्याच्या ताऱ्याला किती टोकं असतात?"

"पाच."

"याला?"

अधिकाऱ्यानं पुन्हा बघितलं. "साडेचार म्हणा."

"आपल्या झेंड्यात पांढरा असतो. हा पांढरा आहे?"

"नाही."

"हा निळा, आपला निळा आहे?"

"तेच तर म्हणतोय मी."

"मग हा आपला झेंडा नाही," थोरली म्हणाली. तिनं आवाज मुद्दाम चढवला नाही. पण ती जागा मोकळी होती, वारा पडलेला होता, आणि स्ट्रेचरच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला तो ऐकू गेल्यावाचून राहणार नव्हता. "ही चादर आहे. पट्ट्यापट्ट्यांची. वर एक नक्षी आहे."

अधिकारी तिच्याकडे बघत राहिला. थट्टा चाललीय का, हे तो तिच्या चेहऱ्यावर शोधत होता. तिथं त्याला तसं काही सापडलं नाही. धाकट्यानं तोंड उघडलं, थोरलीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला, त्यानं ते मिटलं.

"मृताच्या अंगावरचं कापड, असा रकाना आहे माझ्याकडे," अधिकारी फळीवर बघत म्हणाला. "चादर. एक. नवी की जुनी?"

"जुनी," थोरली म्हणाली.

त्यानं लिहिलं. लिहिताना त्याची मान खालीच होती. "पुढं रस्त्यात कुणी अडवलं तर हा कागद दाखवा," तो म्हणाला आणि निघून गेला.

अप्पांना आपल्या गाडीत ठेवलं. शिंप्यानं शेवटपर्यंत हात लावला. मग तो अंगरख्याला हात पुसत तिकडच्या गाडीकडे चालू लागला. थोरली त्याच्या मागे धावली. धावायचं तिचं वय नव्हतं आणि सवयही नव्हती.

"दादा, थांबा."

तो थांबला.

"नमुन्याप्रमाणेच केला होता मी," तो म्हणाला.

"हो."

"तुम्हीच म्हणालात तसं. तिथं. मग इथं चादर म्हणालात."

"झेंडा म्हटलं असतं तर त्यांनी नेला असता. जाळला असता."

शिंप्यानं तिच्या खांद्यावरून पलीकडे, तिच्या देशाच्या नाक्याकडे बघितलं. मग वळून स्वतःच्या नाक्याकडे बघितलं. "आमच्याकडेही नेला असता," तो म्हणाला. मग म्हणाला, "लॉजवालीला चादर नको होती."

"मला माहीत आहे."

"तिला सांगत नाही मी."

तिनं वाकून त्याला नमस्कार केला. त्याला अवघडल्यासारखं झालं. त्यानं बोटावरचं टोपण काढलं, खिशात टाकलं आणि गाडीत जाऊन बसला. त्याचा राग गेला की नाही हे तिला कळलं नाही, आणि पुढेही कधी कळणार नव्हतं.

आपल्या बाजूचा रस्ता सुरू झाला तशी गाडी हेलकावे खाऊ लागली. दोघं अप्पांच्या दोन बाजूंना बसले होते. तुटलेल्या टाक्यांतून कापडाचा कोपरा सुटला होता आणि खिडकीच्या वाऱ्यानं फडफडत होता. धाकटा आधी नुसता बघत होता. मग त्यानं तो हातानं दाबून धरला.

"चादर कसली, ताई," तो म्हणाला. "झेंडाच आहे. वाईट आहे, पण झेंडाच आहे. तू खोटं बोललीस."

"बोलले."

"का पण? इतकं काय आहे याच्यात?"

तिनं पर्समधून बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं एका हातानं कोपरा दाबलेलाच ठेवला, दुसऱ्या हातातला बिल्ला डोळ्यांजवळ नेला, मग ताऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा बिल्ल्याकडे. गाडीनं दोन खड्डे खाल्ले.

"नळीचा पट्टा," तो म्हणाला.

"हो."

"इथून जायचा." त्यानं स्वतःच्या छातीवर तिरकी रेघ ओढली. आणि मग तो रडला, तोंड न झाकता, मोठ्यानं, काखेतली रेशमी झेंड्याची पिशवी गाडीच्या तळाशी घरंगळत गेली तरी तिच्याकडे न बघता. त्याचं रडून होईपर्यंत थोरली बाहेर बघत राहिली. तिला अजून रडू येत नव्हतं. ते येईल, तिला घाई नव्हती.

"तिकडचे रस्ते बरे आहेत म्हणे आपल्यापेक्षा?" नाक पुसत धाकट्यानं विचारलं.

"कोण म्हणालं?"

"अप्पा. फोनवर. म्हणाले, ताईला सांगू नकोस."

गल्लीच्या तोंडाशी बरीच माणसं जमली होती. पेन्शनर मंडळ तर झाडून सगळं. गुडघेवाले, रक्तदाबवाले, सगळ्यांच्या हातांत कागदी झेंडे. कुणीतरी घोषणेसाठी घसा साफ केला. मंडळाचे अध्यक्ष पुढे झाले. सहलीचं पहिलं नाव त्यांचं होतं आणि पहिलं मागे घेतलेलं नावही त्यांचंच. गाडीचं दार उघडलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? हा कुठला झेंडा?"

कागद थोरलीच्या हातात होता. चादर, एक, जुनी. तो दाखवला असता की प्रश्न मिटला असता. तिनं तो उलगडायला घेतला. तेवढ्यात धाकटा खाली उतरला. तिनं त्याच्याकडे बघितलं. काही सुचवायला नव्हे. तो काय म्हणतो ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"अप्पांचा," तो म्हणाला.

"अरे, पण हा तारा..."

"काका," धाकटा म्हणाला, "आधी खांदा द्या."

अध्यक्षांनी हातातला कागदी झेंडा कुणाकडे द्यावा म्हणून इकडेतिकडे बघितलं, सगळ्यांचेच हात भरलेले होते, शेवटी तो खिशात घातला आणि ते पुढे झाले. थोरलीनं हातातला कागद पुन्हा घडी घालून मुठीत धरला.